मावळचे पाणी, घाटाखालची वीज आणि भाताचे खाचर

लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वडगावपर्यंत यावे तो हे मान निम्म्याहूनही खाली येते, आणि भीमेच्या काठाने इंदापुरापर्यंत गेल्यास ते पाचशेच्या आसपास राहते. एकाच जिल्ह्यातील ही तफावत पुणेकर शेतकऱ्यास जन्मापासून ठाऊक असते. परंतु घाटमाथ्यावर पडलेल्या या पाण्याचा एक मोठा भाग पूर्वेकडे आपल्या नद्यांतून न वाहता पश्चिमेकडे, कड्यावरून नळांतून खाली उतरविला जातो व त्यापासून वीज निर्माण होते, ही गोष्ट पुष्कळांना ऐकून माहीत असली तरी तिचा हिशेब फार थोड्यांनी मांडून पाहिलेला असतो. आज जगभर कोळशाचा धूर कमी करण्याविषयी व स्वच्छ ऊर्जेची तंत्रे एका देशाने दुसऱ्यास देण्याविषयी जी बोलणी चालली आहेत, त्यांचा उगम कोणी एखाद्या परदेशी परिषदेत शोधील. मावळच्या शेतकऱ्यास मात्र तो आपल्याच शिवारात, वळवणच्या धरणापाशी पाहावयास मिळतो. प्रस्तुत लेखात तो हिशेब क्रमाने मांडण्याचा विचार आहे.

पडत्या पाण्याचे बळ

एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार लिटर, वजनाने एक हजार किलो. हे पाणी पाचशे मीटर उंचीवरून खाली आणले असता त्यातून जी शक्ती मिळते ती गणिताने सुमारे १.३६ युनिट भरते. नळातील घर्षण, चक्रातील व जनित्रातील तूट वजा जाता हाती एक युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. म्हणजे मावळच्या डोंगरावरील दर हजार लिटर पाण्यामागे एक युनिट, असे ढोबळ मान धरावयास हरकत नाही. हाच हजार लिटर पाण्याचा साठा सपाटीवरील पंचवीस मीटर उंचीच्या धरणातून सोडला, तर त्यापासून याचा विसावा हिस्सा वीजदेखील मिळणे कठीण. घाटमाथ्याचे मोल पावसात आहेच, पण त्याहून अधिक ते त्या सरळ तुटलेल्या कड्यात आहे.

इतक्या उंचीवरून आलेले पाणी नळाच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या जवळ, म्हणजे ताशी सुमारे साडेतीनशे किलोमीटर असतो. अशा धारेपुढे साध्या पाणचक्कीचे पाते टिकणार नाही. त्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लेस्टर पेल्टन नावाच्या सुताराने, सोन्याच्या खाणींवरील पाणचक्क्या पाहून, १८८० च्या सुमारास एक चक्र सिद्ध केले. त्याच्या परिघावर जोडवाट्या बसविलेल्या असतात. धार दोन वाट्यांच्या मधल्या कडेवर आदळते, दुभागते, आणि दोन्ही बाजूंनी वळून जवळजवळ निर्बल होऊन खाली पडते. पाण्याचे सारे बळ चक्रात उतरते. खाणकामगाराच्या निरीक्षणातून निघालेले हे चक्र पुढे स्वित्झर्लंडातील कारखान्यांनी परिपूर्ण केले, कारण उंच कडे व पडते पाणी त्यांच्याही घरचे होते.

लोणावळ्याच्या पाण्यापासून वीज करण्याची कल्पना जमशेटजी टाटा यांच्यापुढे डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी ती तडीस नेली. लंडनच्या बाजारात या कामास भांडवल मिळाले नाही, तेव्हा ते देशातील संस्थानिक व व्यापारी यांच्याकडून उभे राहिले आणि १९१० साली कंपनी स्थापन झाली. १९११ च्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास पायाचा दगड बसला, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीज सुरू झाली. लोणावळा, वळवण व शिरोता या तीन तलावांचे पाणी खोपोलीस उतरविण्यात आले. त्यासाठी पाण्याची चक्रे स्वित्झर्लंडातील झुरिक येथील एशर वीस या कारखान्याने दिली, जाड पोलादी नळ जर्मनीहून आले. दगड मात्र मावळचा, आणि तो रचणारे हातही या देशाचे. खोपोलीहून सुमारे सत्तर किलोमीटरची तार मुंबईस परळपर्यंत गेली व गिरण्यांची चाके कोळशाच्या वाफेऐवजी पावसाच्या पाण्यावर फिरू लागली.

त्यानंतर आंदर मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण होऊन त्याचे पाणी १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीस उतरले, आणि १९२७ साली शेजारच्या मुळशीचे पाणी रायगड जिल्ह्यात भिरा येथे. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॉट, भिवपुरीची ७५ व भिऱ्याची ३०० मेगावॉट आहे. सुमारे शंभर वर्षे चालत असलेली ही केंद्रे एक किलोही कोळसा न जाळता वीज देत आहेत. यंत्र जितके जुने तितके निकामी, या समजुतीस हे चांगले उत्तर होय.

कोणी काय दिले

परंतु हिशेबाची एकच बाजू लिहिली तर तो हिशेब राहत नाही. धरणे झाली तेव्हा खोऱ्यांच्या तळाची भातखाचरे बुडाली. डोंगरी मुलखात तळाची जमीन हीच काय ती कसदार. वर माळ व वरकस राहते. मुळशीत पन्नासाहून अधिक गावांवर हे संकट आले, आणि १९२१ च्या रामनवमीपासून सेनापती बापट व त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण झाले. धरणाविरुद्धचा संघटित शेतकरी लढा म्हणून जगातील आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. ज्या खोऱ्यांच्या पाण्यावर मुंबईत १९१५ साली दिवे लागले, त्याच खोऱ्यांतील वाड्यांत पहिला दिवा लागण्यास आणखी कित्येक दशके जावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. स्वच्छ वीज म्हणजे कोणाचेच काही न जाता मिळालेली वीज, असा अर्थ कोणी करू नये.

दुसरी बाजू पाण्याची. इंद्रायणी, आंद्रा व मुळा या भीमेच्या खोऱ्यातील नद्या. त्यांचे पाणी कोकणात वळविले म्हणजे पूर्वेकडे तितके कमी झाले. कृष्णा पाणीतंटा लवादाने, न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली, या वळवणुकीस मर्यादा घातली: कोणत्याही एका जलवर्षात ५४.५ अब्ज घनफुटांहून अधिक नाही, आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफुटांहून अधिक नाही. पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला ४२.४ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १२० कोटी घनमीटर होते. आपण वर पाहिलेल्या मानाने त्यापासून वर्षाला सुमारे १३० कोटी युनिट वीज मिळू शकते. कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा या पाण्याने वर्षाला सुमारे १३ लाख टन धूर वाचतो असे म्हणता येईल.

आता तेच पाणी शेतीच्या मापाने मोजू. रब्बी ज्वारीस साडेसात सेंटिमीटरच्या पाच पाळ्या दिल्या तर हेक्टरी ३,७५० घनमीटर पाणी लागते. कालव्यातील गळती व बाष्पीभवन यांत निम्मे पाणी गेले असे धरले, तरी १२० कोटी घनमीटरांत दीड लाख हेक्टरांहून अधिक रब्बी भिजू शकेल. अवर्षणाच्या वर्षी हे पाणी भीमेत सोडावे अशी मागणी वेळोवेळी होते, ती या आकड्यामुळेच. मागणी अवास्तव आहे असे म्हणणे बरोबर नाही.

मात्र निर्णय वाटतो तितका सरळही नाही, कारण खाली उतरलेले पाणी वाया जात नाही. भिवपुरीहून सुटलेले पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात जाते. कर्जत तालुक्यात त्यावर राजनाला कालवा चालतो व तेथील शेतकरी उन्हाळी भात घेतात. पुढे उल्हासच्या काठची ठाणे जिल्ह्यातील शहरे हेच पाणी पितात. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाऊन तेथील कारखान्यांच्या उपयोगी पडते, भिऱ्याचे कुंडलिकेतून रोह्याकडे. आंदर मावळात आषाढात पडलेल्या पावसावर कर्जतला चैत्रात भात पिकते, ही गोष्ट पाहण्यासारखी आहे. कर्जतचा शेतकरी आपलाच बंधू आहे. त्याच्या तोंडचे पाणी काढून इंदापुरास देणे हे न्यायाचे की अन्यायाचे, याचा निवाडा भावनेने होणार नाही. प्रत्येक वर्षाचा पाऊस, साठा, विजेची निकड व पिकांची अवस्था यांचे आकडे उघड्यावर मांडूनच तो होऊ शकेल. पाण्याच्या बाबतीत आधी विचारले नाही तर काय होते हे मावळास नव्याने सांगावयास नको. पवनेच्या नळयोजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार होऊन तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले.

विजेची कणगी

अलीकडे या प्रश्नास एक नवे वळण मिळाले आहे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सूर्यप्रकाशापासून वीज देणारा सिलिकॉनचा व्यवहार्य घट तयार झाला. आज त्याच घटांचे तक्ते चीनमध्ये सर्वांत अधिक बनतात व जगभर शेतात, छपरांवर उभे राहत आहेत. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिस येथे भारत व फ्रान्स यांनी आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली. तिचे मुख्य कार्यालय आपल्या देशात, गुरुग्राम येथे आहे. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. सौर विजेचा भाव पुष्कळ उतरला आहे. अडचण एकच, आणि ती शेतकऱ्यास लगेच समजेल: सुगीच्या वेळी धान्य उदंड असते व आषाढात कणगी रिकामी असते. सौर वीज दुपारी उदंड, आणि घराघरांत दिवे लागण्याच्या वेळी शून्य.

मग कणगी कोणती? विजेच्या रासायनिक घटमाला महाग पडतात. तेथे उंच कडा पुन्हा कामास येतो. दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या तलावातील पाणी वर चढवावयाचे आणि सायंकाळी तेच खाली सोडून वीज घ्यावयाची. यात तूट असते. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर ते ऐंशी युनिट परत येतात. कणगीतही उंदीर-घुशींचा वाटा जातोच, म्हणून कोणी धान्य साठविण्याचे सोडत नाही. भिरा येथे १५० मेगावॉटचा असा उलटसुलट चालणारा संच १९९० च्या दशकापासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन व टाटा पॉवर यांच्यात शिरोता येथे १,८०० मेगावॉट व भिवपुरी येथे १,००० मेगावॉट क्षमतेच्या अशा प्रकल्पांविषयी सामंजस्य करार झाला. अपेक्षित गुंतवणूक सुमारे तेरा हजार कोटी रुपये सांगण्यात आली.

या पद्धतीचा एक गुण शेतकऱ्याने ध्यानात घ्यावा. तेच पाणी वर-खाली फिरत असल्याने, पहिली भरती व बाष्पीभवन सोडल्यास, तिला दरवर्षी नवे पाणी फारसे लागत नाही. म्हणजे विजेसाठी दररोज नवे पाणी कोकणात सोडण्याची निकड पुढेमागे कमी होऊ शकते, आणि मग त्या पाण्याचा काही अंश कोठे द्यावा या प्रश्नास थोडी मोकळीक मिळेल. हे आपोआप होईल असे मात्र नाही. ज्या गावांच्या हद्दीत अशी कामे निघतात, त्या ग्रामसभांनी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: नवी जमीन किती व कोणती लागणार, बोगद्याच्या कामाने झरे व विहिरींवर काय परिणाम होईल व तो कोण मोजणार, आणि पाण्याच्या वाटपात बदल होणार काय. १९२१ साली या प्रश्नांची उत्तरे काम सुरू झाल्यावर मागावी लागली होती.

खाचरातील वायू

येथवर वाचून कोणास वाटेल की धुराचा प्रश्न धरणवाल्यांचा व कारखानदारांचा, आमचे खाचर निर्दोष आहे. तसे नाही. खाचरात पाणी तुंबून राहिले म्हणजे मातीत हवा शिरत नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव अशा मातीत कुजणाऱ्या पाल्यापासून मिथेन नावाचा वायू तयार करतात. भाताच्या खोडात हवेच्या ज्या पोकळ नळ्या असतात, ज्यांच्या योगे मुळांस प्राणवायू मिळतो, त्यांतूनच तो वर येऊन हवेत मिसळतो. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता कोंडतो. फेकलेल्या युरियापासून नायट्रस ऑक्साइड निघतो. त्याची मात्रा थोडी असली तरी त्याचे बळ सुमारे पावणेतीनशे पट आहे.

मनिला जवळील लॉस बान्योस येथे १९६० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर खाचर आलटून पालटून ओले व कोरडे करण्याची पद्धत सांगितली आहे. खाचरात भोके पाडलेली नळी पुरून ठेवावयाची, तिच्यातील पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर उतरले म्हणजे पुन्हा पाणी द्यावयाचे. फुलोऱ्याच्या सुमारास मात्र पाणी तुटू द्यावयाचे नाही. यामुळे पाण्याची बचत होते व मिथेन तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून अधिक घटतो. पद्धत चांगली आहे. पण जुलै महिन्यात नाणे मावळात उभे राहून कोणी खाचर कोरडे करण्याचा उपदेश करू लागल्यास शेतकरी हसेल, आणि त्याचे हसणे योग्य ठरेल. आपल्याकडे ती फुटव्यांच्या अखेरीस, ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप मिळेल तेव्हाच साधते. वरच्या खाचराचा बांध तोंडापाशी फोडून पाणी खालच्यात न देता बाजूच्या चरात काढावे, चार-पाच दिवस माती भेगाळू न देता निवू द्यावी, आणि मग पाणी अडवावे. ज्यांची खाचरे पंपाच्या पाण्यावर उन्हाळी भातास लागतात त्यांना ही पद्धत पूर्णपणे लागू पडते.

परदेशी तंत्र मावळात रुजते ते असे वाकवून घेतल्यावर. याचे उत्तम उदाहरण आपल्या ताटात आहे. लॉस बान्योसच्या संस्थेने १९६६ साली आय. आर. ८ हा ठेंगणा भात प्रसृत केला. त्याची एक माता इंडोनेशियातील पेटा, दुसरा जनक तैवानातील डी-जिओ-वू-जेन. आणि त्या पेटामध्ये पुन्हा आपल्या बंगालच्या लाटीसाल भाताचा अंश. आय. आर. ८ उत्पन्नास भारी, पण शिजवून खाल्ल्यास मावळच्या माणसाचे समाधान होत नाही. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रात त्याचा आंबेमोहोर १५७ शी संकर झाला आणि १९८७ साली इंद्रायणी हा वाण बाहेर पडला. आंबेमोहोर उंच वाढून लोळत असे. इंद्रायणीने वास राखला आणि ताठा मिळविला. आज इंद्रायणी तांदूळ पुण्या-मुंबईच्या बाजारात आपल्या नावाने विकला जातो. तीन-चार देशांचे रक्त त्यात आहे, परंतु तो मावळचाच मानला जातो.

खताचे सुद्धा असेच झाले. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात मसल शोल्स येथे आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्र आहे. तेथे भातासाठी युरियाच्या दाबून केलेल्या गोळ्या खोल पुरण्याचे प्रयोग झाले. त्या कामात असलेले डॉ. एन. के. सावंत यांनी ते तंत्र आपल्या शेतकऱ्याच्या परिस्थितीशी जुळवून चारसूत्री भातलागवड सिद्ध केली. ती पुष्कळांना ऐकून माहीत आहे, पण चारही सूत्रे एकत्र पाळणारे थोडे; म्हणून थोडक्यात सांगतो.

रोपवाटिकेत दर चौरस मीटरास भाताच्या तुसाची काळी राख अर्धा ते एक किलो मिसळावी. तिच्यातील सिलिकेने रोप कणखर होते. यामुळे राब भाजण्याची गरजही उरत नाही. ऐन व किंजळ यांच्या फांद्या तोडून जाळण्याची आपली पद्धत जुनी आहे व तिच्यामागे तण मारण्याचा विचार आहे हे खरे; पण त्यात पाल्यातील नत्र धुरावाटे जाते आणि डोंगर दरवर्षी थोडा अधिक उघडा पडतो. दुसरे सूत्र, चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरी सुमारे तीन टन, म्हणजे गुंठ्यास तीस किलो खाचरात पसरावा. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतील, परंतु बांधावर छाट कलमाने सहज येते. तिसरे, दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने, दर चुडात दोन-तीन रोपे लावावीत. चौथे, लागवडीच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, चिखल मऊ असताना, १५ सेंटिमीटरवरील दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावी. गोळीचे वजन २.७ ग्रॅम. एकरी पंचवीस हजार गोळ्या, म्हणजे साडेसदुसष्ट किलो लागतात. इतके खत एकदाच द्यावयाचे. नंतर वरखत नाही. गोळी हवाबंद चिखलात असल्याने नत्र उडून किंवा वाहून जात नाही, आणि आमच्यासारख्या अतिवृष्टीच्या मुलखात हे फार महत्त्वाचे आहे, कारण फेकलेला युरिया एका रात्रीच्या पावसात इंद्रायणीत जाऊन पोहोचतो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो व त्यास मोठी ऊर्जा लागते. वाया गेलेले प्रत्येक पोते म्हणजे दोनदा केलेला धूर होय.

पंचवीस हजार गोळ्या वाकून खोचणे हे कष्टाचे काम आहे व ते बहुधा स्त्रियांच्या वाट्यास येते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती खरी आहे. सावडीने लागवड करणाऱ्या गटांनी गोळ्या खोचण्याची मजुरी वेगळी धरावी. एरवी हे सूत्र कागदावरच राहते.

गोठा, चूल व करार

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांना दररोज पन्नास किलो शेण मिळते. एवढ्यावर दोन घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र चालते व पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. तरंगत्या टाकीचे संयंत्र जशभाई पटेल यांनी आपल्या देशात विकसित केले व खादी ग्रामोद्योग आयोगाने ते पसरविले. पक्क्या घुमटाचा नमुना चीनमधून आला आणि त्यात सुधारणा होऊन १९८४ साली दीनबंधू संयंत्र झाले. इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ व्होएल्कर १८८९ ते १८९१ या काळात हा देश फिरले, तेव्हा त्यांनी अहवालात लिहिले की, शेतकऱ्यास जळण मिळेल तर शेण शेतात जाईल. संयंत्रात शेण चुलीसही जाते आणि मळीच्या रूपाने शेतातही. मावळात एक दक्षता घ्यावी: संयंत्राच्या भोवती पावसाचे पाणी शिरू नये म्हणून जोते निदान दोन फूट उंच घ्यावे. थंडीत गॅस कमी मिळतो. तेव्हा शेण कालविण्यास कोमट पाणी वापरावे.

सौर पंपाविषयी एवढेच सांगणे पुरे की, २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठरविण्यात आला, आणि अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप ठेवण्यात आला. मावळात पावसाळ्यात ऊन नसते ही शंका घेतली जाते. पण त्या दिवसांत पंप कोण चालवितो? कांदा, वाटाणा व भाजीपाल्यास पाणी लागते ते कार्तिकापासून पुढे, आणि तेव्हा आभाळ स्वच्छ असते.

शेवटची गोष्ट कराराची. १९९७ च्या क्योटो करारापासून वाचविलेल्या धुराची पत विकण्याची चाल जगात सुरू झाली. २०१५ च्या पॅरिस कराराने तिला नवे रूप दिले. भारत सरकारनेही जून २०२३ मध्ये कार्बन पत व्यापाराची योजना अधिसूचित केली. त्यामुळे भातखाचर, बांधावरील झाडे किंवा गोबरगॅस यांच्या नावाने कोणी शेतकऱ्याकडे करार घेऊन येण्याचा संभव आहे. अशा करारात मुदत किती वर्षांची, त्या मुदतीत जमीन विकता किंवा पीक बदलता येईल की नाही, मोजणीचा खर्च कोणाचा, पैसे कधी व किती वाट्याने मिळणार, आणि एखाद्या वर्षी पद्धत मोडली तर दंड कोणावर, ही कलमे मराठीत लिहून मागावीत. कागद घरी आणून सोसायटीच्या सचिवास किंवा कृषि सहायकास दाखवावा. सातबाऱ्यावर कोणताही बोजा चढविण्यास संमती देणारे कलम असल्यास तेवढ्यावरून सही नाकारावी.

तुसाची राख उन्हाळ्यातच गिरणीवरून पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावी. पावसात भिजलेली राख वाफ्यावर सारखी पसरत नाही.